अकराव्या ओळीतला सर्व्हर

"ताई, तुम्ही मला जिथं नेऊन बसवलंत ना, तिथं सगळ्यांनी रिसिव्हर उचलून ठेवलाय. बोलत कुणीच नाही."

परबसाहेब आमच्या अंधेरीच्या ऑफिसात, कॉन्फरन्स रूममध्ये, माझ्यासमोर बसून हे म्हणाले. त्यांच्या पुढ्यात त्यांचा फोन होता आणि फोनमधून एक बाई भरधाव बोलत होती. "इमेज. बटण. इमेज. बटण. इमेज."

परबसाहेब जन्मापासून अंध आहेत. ती बाई म्हणजे स्क्रीन रीडर, स्क्रीनवर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. फोटो आला की त्यात काय आहे हे त्या बाईला कळत नाही. फोटो टाकताना त्याबरोबर दोन ओळींचं वर्णन लिहायची सोय असते. कुणी ते लिहिलं असेल तर बाई वाचते. नसेल तर 'इमेज' म्हणते आणि पुढं जाते.

मी पाच मिनिटं ऐकलं. तेवढ्यात ती एकवीस वेळा 'इमेज' म्हणाली.

आणि हे फोटो ज्या सर्व्हरवरचे होते तो परबसाहेबांसाठी मी निवडला होता. चांगला आठवडाभर अभ्यास करून.

मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे लोकांचे सर्व्हर चालू ठेवते. सर्व्हर चालू असेपर्यंत मी दिवसभर काय करते हे ऑफिसात कुणाला माहीत नसतं. बंद पडला की सगळ्यांना माझा नंबर पाठ असतो. सव्वीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे सर्व्हर या विषयात मला कुणी काही शिकवावं असं मला वाटत नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

काम आलं ते आमचे मालक मेहता सर यांच्याकडून. मुलुंडचे गुजराती, मराठी आमच्याइतकंच झकास. तरुणपणी दोन वर्षं ते एका सरकारी कंपनीच्या स्टोअर्समध्ये नोकरीला होते आणि तिथल्या टेलिफोन बोर्डावर परबसाहेब होते. बोर्ड म्हणजे ऑफिसात येणारा प्रत्येक फोन आधी जिथं येतो आणि तिथून हव्या त्या टेबलावर जोडून दिला जातो ते यंत्र. अनेक ऑफिसांत या बोर्डावर अंध ऑपरेटर असायचे. तीस वर्षांनी परबसाहेब आमच्या ऑफिसात आले, मेहता सर नुसतं "या, बसा" म्हणाले, आणि परबसाहेब म्हणाले, "मेहता, स्टोअर्स, दोनशे चौदा." नुसत्या आवाजावरून नाव आणि जुना एक्स्टेंशन नंबर! सर खुर्चीत बसलेच. त्यानंतर हे काम फुकट होणार हे ठरलेलं होतं.

काम असं. वेगवेगळ्या बँका आणि ऑफिसांतून रिटायर झालेल्या अंध ऑपरेटरांचा एक गट होता. बत्तीस जण. बोरिवलीपासून कुर्ल्यापर्यंत पसरलेले. बरेचसे एकटे राहणारे. एका मोठ्या सोशल साइटवर ते रोज गप्पा मारायचे. मग त्या साइटनं आपलं ॲप नव्यानं सजवलं आणि निम्मी बटणं स्क्रीन रीडरला सापडेनाशी झाली. मध्ये मध्ये जाहिराती बोलायला लागल्या. त्यांनी तक्रार केली, तर उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. तेव्हा गटानं ठरवलं की आता ज्याला एक मालकच नाही अशा सोशल नेटवर्कवर जायचं.

पण ते नेटवर्क वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरांचं मिळून बनतं, म्हणून तिथं जायचं तर आधी आपला सर्व्हर निवडावा लागतो. आणि बोरिवलीच्या सामंत मॅडमनी गटात स्पष्ट सांगितलं होतं, "परब, मी एकदाच शिकेन. कुठलं बटण कुठं आहे ते डोक्यात बसवायला मला महिना लागतो. जागा चुकली तर पुन्हा बोलावू नकोस. मी आपला रेडिओ लावून बसेन." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. म्हणजे परबसाहेब असंच म्हणाले, "माना डोलावल्या." त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही.

तर जागा एकदाच निवडायची होती, आणि ती निवडायची जबाबदारी परबसाहेबांनी अंगावर घेऊन माझ्यावर सोपवली होती.

पहिल्या भेटीत मी त्यांना 'काका' म्हणाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचं वय किती?" मी म्हटलं, एक्कावन्न. "मी सहासष्ट. काका कसला?" तेव्हापासून परबसाहेब.

मग मी त्यांना हे नेटवर्क समजावून सांगायला लागले. क्लायंटसाठी माझं एक ठरलेलं भाषण असतं. "समजा, प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक हाउसिंग सोसायटी. प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे, सेक्रेटरी वेगळा..."

"एक्स्चेंज," परबसाहेब म्हणाले.

"काय?"

"टेलिफोन एक्स्चेंज. भांडुपचं एक्स्चेंज वेगळं, बोरिवलीचं वेगळं. माझं कनेक्शन भांडुपच्या एक्स्चेंजवर. सामंत मॅडमचं बोरिवलीच्या. पण मी फोन लावला तर लागतोच ना? तसंच हे. नावापुढं सर्व्हरचं नाव लावायचं, म्हणजे कुठल्या एक्स्चेंजचा माणूस ते कळतं."

मी माझं भाषण मिटवून ठेवलं. हाउसिंग सोसायटीपेक्षा हे कितीतरी बरोबर होतं. सोसायटीत तर शेजारच्या विंगशीसुद्धा बोलणं नसतं.

"मग एक्स्चेंज कुठलं घेतलं तरी चालेल," मी म्हटलं.

"तसं कसं? एक्स्चेंज बरं नसलं की दिवसभर खरखर."

इथं मी त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं होतं. पण मला एक्सेल उघडायची घाई झाली होती.

एक्सेल हा माझा जुना आजार आहे. घरी फ्रीज घेतला तेव्हा मी चौदा कॉलमचा तक्ता केला होता. आमचे हे तो तक्ता बघून म्हणाले होते, "आपल्या लग्नाच्या वेळी तुझ्याकडे कम्प्युटर नव्हता म्हणून निभावलं माझं." तर मी अकरा सर्व्हर काढले. मराठी लोक असलेले, किंवा निदान भारतातले. कॉलम केले. सर्व्हर किती वेळ बंद असतो. किती लोक आहेत. सॉफ्टवेअर ताजं आहे का. बॅकअप घेतात का. चालवणारी टीम किती जणांची. प्रत्येकाला मार्क, हिरवा-पिवळा-लाल रंग. पहिल्या ओळीत सगळ्यात मोठा सर्व्हर, सगळे रकाने हिरवे. अकराव्या ओळीत एक चिमुकला सर्व्हर होता. चालवणारी व्यक्ती एक. लोक जेमतेम तीन-चारशे. दर महिन्यात एकदा तरी बंद. शिवाय आत यायला अर्ज करावा लागायचा, त्यात 'आमच्याकडे का यायचं आहे?' असा प्रश्न. ती ओळ मी अख्खी लाल केली.

मेहता सरांनी तक्ता वरवर बघितला. "पहिला वाला घे ना. मोठा आहे, भरवशाचा आहे. आणखी काय पाहिजे?"

परबसाहेबांना मी फोनवर निकाल सांगितला. ते म्हणाले, "बरं. आणि तिथली माणसं कशी आहेत?"

"सर्व्हर जवळपास कधीच बंद पडत नाही," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बरा. मी आधी एकटा जाऊन बघतंय." ते खूश नसले की मालवणीत जातात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते एकटे गेले. दीड महिना राहिले. रोज एक आठवण लिहायचे, बोर्डावरच्या दिवसांची. मी त्यातल्या काही वाचल्या आणि मग सगळ्याच वाचल्या. कुठला साहेब रिसिव्हर कसा उचलतो त्यावरून त्याचा मूड कसा ओळखायचा. अकाउंट्समधल्या एका साहेबांना त्यांच्या बायकोचा रोज चार वाजता फोन यायचा, डबा खाल्ला का विचारायला. ते साहेब रिटायर झाले. तरी पुढचे आठ दिवस चार वाजता फोन येतच होता. परबसाहेब जोडून द्यायचे नाहीत. "साहेब घरी निघालेत," म्हणायचे. बाई म्हणायच्या, "हो, समोरच बसलेत. मीच विसरते." अशा बेचाळीस आठवणी झाल्या. वाचणारेही मिळाले, पण बहुतेक दुसऱ्या सर्व्हरांवरचे. ज्या सर्व्हरवर ते राहत होते तिथली लोकल टाइमलाइन, म्हणजे तिथल्या सगळ्यांचं लिखाण एकाखाली एक दिसतं ती जागा, ती फोटोंनी भरलेली. जेवणाचे फोटो, मांजरींचे फोटो, गुड मॉर्निंगचे फोटो. वर्णन जवळपास कशालाच नाही.

म्हणून ते त्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये आले होते.

"पण परबसाहेब, सर्व्हर म्हणून तो उत्तम आहे," मी अजून लढत होते.

"तुमचा फोन द्या जरा."

मी दिला. त्यांनी कुठं कुठं चाचपून स्क्रीन रीडर चालू करून घेतला, मग आणखी काहीतरी केलं आणि माझी स्क्रीन काळीकुट्ट झाली. "पडदा पाडलाय. आता तुम्ही आणि मी सारखे. दहा मिनिटं तुमच्या त्या मोठ्या सर्व्हरवर फिरून या."

फिरणं राहिलं बाजूला, मला ॲपच उघडता येईना. या पद्धतीत एकदा बोट टेकवलं की बाई नाव सांगते, दोनदा टेकवलं तर उघडते. मी नेहमीच्या सवयीनं एकदाच टेकवत होते आणि बाई मला फोनमधल्या एकेक वस्तूचं नाव सांगत होती. "कॅल्क्युलेटर. हवामान. कॅल्क्युलेटर." कशीबशी टाइमलाइनवर पोचले. "इमेज. बटण. इमेज." पुढं काय आहे कळेना, मागं जाता येईना. अंधारात कुणीतरी हात धरून नेतंय आणि प्रत्येक दारापाशी फक्त "दार" म्हणतंय, असं झालं.

एवढ्यात फोन वाजायला लागला. बाई म्हणाली, "मेहता सर." मी घासलं, दाबलं, उजवीकडे ओढलं. "मेहता सर. मेहता सर." शेवटी परबसाहेबांनी हात पुढं केला, दोनदा टिचकी मारली आणि आमच्या कंपनीचं नाव घेऊन, अशा सुरेख आवाजात की मलाच आपण मोठ्या ऑफिसात असल्यासारखं वाटलं, म्हणाले, "नमस्कार. कोण हवंय आपल्याला?"

"अं... नीलिमा मॅडम," मेहता सर बावरून म्हणाले.

"मॅडम समोरच आहेत. पण सध्या त्यांना फोन उचलता येत नाही. निरोप आहे का?"

शेजारच्या केबिनमधून सरांचं हसू ऐकू आलं.

घरी जाऊन मी तक्ता पुन्हा उघडला आणि सगळ्यात डावीकडे एक नवा कॉलम घातला. 'फोटोबरोबर लिहितात का?' याचं उत्तर कुठल्याही वेबसाइटवर तयार मिळत नाही. प्रत्येक सर्व्हरची लोकल टाइमलाइन उघडून बघावी लागते. वर्णन लिहिलेलं असेल तर फोटोच्या कोपऱ्यात छोटी खूण असते. मी प्रत्येक सर्व्हरवरचे शंभर-शंभर फोटो बघितले. दोन दिवस गेले. आमचे हे येऊन मागं उभे राहिले. "हे ऑफिसचं काम आहे?" समोर कुणाच्या तरी घरच्या कोंबडीवड्यांचा फोटो होता. मी म्हटलं, हो.

पहिल्या ओळीच्या मोठ्या सर्व्हरवर शंभरात चार फोटोंना वर्णन होतं. बाकीच्यांचं दहा, पंधरा, एका ठिकाणी बावीस. आणि अकराव्या ओळीतल्या त्या लाल सर्व्हरवर सत्त्याण्णव.

आणि नुसती दोन ओळींची वर्णनं नाहीत. 'अंगणात वाळत घातलेली कुर्डई, पाठीमागे आजोबा, आजोबांचं लक्ष कावळ्याकडे.' मी वाचतच बसले. तो सर्व्हर सातारा जिल्ह्यातल्या एक ग्रंथपाल बाई चालवत होत्या. नियमांच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या गावात नेट फार हळू, फोटो कधी उघडत नसत. म्हणून सुरुवातीच्या दहा-बारा जणांनी फोटोत काय आहे ते लिहून टाकायची सवय लावून घेतली. पुढं नेट सुधारलं, पण नियम राहिला. वर्णन नसलेला फोटो काढून टाकला जाईल.

मी मेहता सरांना लाल ओळ दाखवली.

"अरे, पण हा महिन्यातून एकदा बंद पडतो म्हणून तूच लिहिलंयस."

"तो मी चालू ठेवीन, सर."

"ठीक आहे. पण आता पटकन आटप यार."

'पटकन' हा शब्द मी फार मनावर घेतला. माझ्याकडे बत्तीस जणांची यादी होती. मी सगळ्यांना निरोप पाठवला की तुम्हाला एक मेल येईल, त्यातली लिंक दाबा, बाकी मी बघते. आणि लंच टाइममध्ये ऑफिसच्या कम्प्युटरवरून ओळीनं बत्तीस अर्ज भरले. 'आमच्याकडे का यायचं आहे?' या रकान्यात एकच मजकूर चिकटवला. 'आमचा ज्येष्ठ सदस्यांचा गट असून आपल्या दर्जेदार सेवेचा लाभ घेऊ इच्छितो.' बत्तीस वेळा. मोठ्या कंपन्यांचं काम असंच होतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परबसाहेबांचा फोन. "ताई, सामंत मॅडम विचारतायत. आयुष्यात बऱ्याच नोकऱ्यांसाठी अर्ज केले, पण इतक्या लवकर नकार कधी आला नव्हता म्हणाल्या."

बत्तीस जणांना बत्तीस मेल गेले होते. 'आपली विनंती नाकारण्यात आली आहे.' मी तो सर्व्हर उघडायला गेले तर ऑफिसातून उघडेचना. आमच्या ऑफिसचा इंटरनेटवरचा पत्ताच त्यांनी बंद करून टाकला होता.

आता सांगते त्याची मला सगळ्यात लाज वाटते. एकाच ठिकाणाहून, एकाच तासात, एकच मजकूर असलेले बत्तीस अर्ज आले तर ते कुणाचे असतात? जाहिरातबाजांचे. फसवणाऱ्यांचे. असे अर्ज दिसले की पत्ता बंद करायचा, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवलं आहे. त्या बाईंच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि वर दुपारी डबा खाताना सगळ्यांना सांगितलं असतं.

"सामंत मॅडम काय म्हणतायत पुढं?" मी विचारलं.

"रेडिओला नवीन सेल आणलेत म्हणाल्या."

त्या आल्या नाहीत तर त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जण येणार नव्हते, हे मला एव्हाना कळलं होतं. मी म्हटलं, "मी त्या बाईंना कंपनीच्या लेटरहेडवर माफीचं पत्र पाठवते."

"नको," परबसाहेब म्हणाले. "तुमचं लेटरहेड म्हणजे पुन्हा तेच. माझं कनेक्शन आहे ना त्या मोठ्या एक्स्चेंजवर? तिथून लागतो फोन. मी बोलतो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सर्व्हर वेगळा असला तरी निरोप जातो, हीच तर या नेटवर्कची गंमत, आणि ती त्यांनीच मला पहिल्या दिवशी समजावली होती. त्यांनी लिहिलेला निरोप त्यांनी मला वाचून दाखवला. तो असा होता.

'नमस्कार. मी परब, भांडुप. काल तुमच्याकडे बत्तीस अर्ज आले ते आमचे. सगळे एकाच हातानं भरलेले होते म्हणून तुम्ही बंद केलेत, ते बरोबर केलंत. माझ्या बोर्डावर एकाच आवाजात बत्तीस जण आले असते तर मीही लाइन काढली असती. पण आम्ही बत्तीस वेगळे आहोत. अंध आहोत, रिटायर्ड ऑपरेटर आहोत. तुमच्याकडचे लोक फोटोत काय आहे ते सांगतात असं कळलं. एक-एक करून विचारून बघा.'

दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत मी परबसाहेबांना सहा वेळा फोन केला. सहाव्या वेळी त्यांनी मला होल्डवर ठेवलं. मोबाइलवर होल्डचं संगीत नव्हतं, म्हणून स्वतः गुणगुणत बसले.

तिसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. त्यांनी परबसाहेबांच्या सगळ्या बेचाळीस आठवणी वाचल्या होत्या, म्हणून उशीर झाला होता. सगळ्यांना घ्यायला त्या तयार होत्या. पण दोन अटी होत्या. एक, प्रत्येकानं आपला अर्ज आपण लिहायचा, चार ओळी का होईना. दुसरी, त्या एकट्या होत्या. ग्रंथालय आणि घर सांभाळून सर्व्हर बघायच्या. एकदम बत्तीस माणसं वाढली तर मॉडरेटर लागणार. मॉडरेटर म्हणजे कुणी शिवीगाळ केली, नियम मोडला, जाहिरातबाज घुसला तर लक्ष ठेवणारा माणूस. तुमच्यातलं कुणी ते करील का, असं त्यांनी विचारलं होतं.

परबसाहेब मोठ्यानं हसले. "बोर्डावर ड्युटी लावायची, एवढंच ना? पस्तीस वर्षं दुसरं काय केलं?"

मला मात्र त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची होती, आणि ती फोनवर सांगायला जीभ रेटेना. म्हणून शनिवारी भांडुपला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा आणि खटखटे लाडू पुढं ठेवले. लाडू कडक होता. मी तो तोंडात धरून बराच वेळ काढला.

"सांगा आता," परबसाहेब म्हणाले. "लाडू संपलेला ऐकलाय मी."

मी सांगितलं. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाता येतं. तुमचं लिखाण वाचणारे लोक तुमच्याबरोबर येतात. पण लिहिलेलं येत नाही. त्या बेचाळीस आठवणी मोठ्या सर्व्हरवरच राहणार. फाइल करून तुमच्याजवळ ठेवता येईल, पण नव्या जागी त्या दिसणार नाहीत. आणि मी पहिल्यांदाच नीट बघितलं असतं तर त्या मुळातच योग्य जागी लिहिल्या गेल्या असत्या.

एकेक आठवण टाइप करायला त्यांना तासभर लागायचा. प्रत्येक अक्षर ती बाई वाचून दाखवते, चुकलं की मागं जायचं. मी हिशोब मनात केला होता, तोंडानं बोलले नाही.

परबसाहेबांनी बशी बाजूला सरकवली.

"आमचा बोर्ड काढला ना," ते म्हणाले, "त्या दिवशी मी काय घरी आणलं ठाऊक आहे? काही नाही. खुर्ची सरकारी, हेडफोन सरकारी. चारशे नंबर होते ते डोक्यात होते, तेवढे आले. ते अजून आहेत. दोनशे चौदा स्टोअर्स." मग माझ्या दिशेनं वळले. "त्या गोष्टी मी कुणासाठी लिहिल्या? आमच्या लोकांसाठी. आमचे लोक तिथं होते कुठं? सामंत मॅडमनी त्यातली एकही ऐकली नाही. आता सांगीन पुन्हा. दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट सुधारते, गो बाय."

आतून वहिनी म्हणाल्या, "तिसऱ्यांदा बिघडते. मी ऐकलंय."

अर्ज भरायला अकरा दिवस लागले. एकेकाला फोन करायचा, सगळ्यांनी आपापलं लिहायचं. मी फक्त अडलं तर मदत करायची, आणि मजकुरात हात घालायचा नाही अशी परबसाहेबांची ताकीद होती. घाटकोपरच्या एका गृहस्थांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलाच्या घरी बोलायला कुणी नसतं.' कुर्ल्याच्या एका बाईंना मी ते कुर्डईचं वर्णन वाचून दाखवलं होतं; त्यांनी लिहिलं, 'कुर्डईवाले आजोबा अजून आहेत का?' सामंत मॅडमचा अर्ज सगळ्यात शेवटी आला. एकच ओळ. 'परबनं जागा स्वतः राहून बघितली आहे म्हणून.'

बत्तीसपैकी एकोणतीस जण तिथं स्थिरावले. दोघांना मुळातच फोनवर बोलणं जास्त आवडतं. एकजण मुलीकडे बंगलोरला गेले आणि त्यांना मुलीनं दुसरंच काही शिकवलं. सर्व्हर महिन्यातून एकदा बंद पडायचा, तो आता मी रविवारी सकाळी बसून बघते. ग्रंथपाल बाईंनी मला चावी दिली आहे. आमच्या ऑफिसचा पत्ता मात्र त्यांनी तीन आठवडे बंदच ठेवला होता. मीही उघडा असं म्हटलं नाही.

ड्युटी लागली ती जुन्या पद्धतीनं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि रजा हवी असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. सकाळची सामंत मॅडमनी मागून घेतली. महिनाभर लागेल म्हणाल्या होत्या, नऊ दिवसांत सगळी बटणं त्यांच्या डोक्यात बसली. रेडिओच्या सेलचं काय केलं ते मी विचारलं नाही.

गेल्या संकष्टीला मी मोदक केले. चांगले झाले होते, म्हणजे माझ्या मानानं. फोटो काढला आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवी हातानं सर्व्हरवर टाकून दिला. दहा मिनिटांत फोटो गायब. पाठोपाठ निरोप.

'नीलिमाताई, फोटोबरोबर वर्णन नाही. लिहून पुन्हा टाकावे. – सामंत, सकाळ ड्युटी.'

मी गुमान लिहायला बसले. 'ताटात मोदक.' आमचे हे मागून वाचत होते. म्हणाले, "किती ते लिही. आणि फुटलेलाही लिही, त्यांना खोटं कळतं." मग मी लिहिलं, 'स्टीलच्या ताटात अकरा मोदक, दोन ओळींत. वरच्या ओळीतला एक फुटलेला, त्यातून सारण बाहेर आलेलं. कडेला तुपाची वाटी.' फोटो राहिला. थोड्या वेळानं परबसाहेबांनी खाली लिहिलं, 'दिसले.'

आता कुणी मला सर्व्हर निवडून मागितला तर मी तक्ता अजूनही करते. सवय सुटत नाही. फक्त रंग भरण्याआधी तिथं जाऊन बसते, आणि लोक एकमेकांशी काय बोलतात ते पंधरा दिवस ऐकते. सर्व्हर बंद पडला तर तो चालू करायला माझ्यासारखी माणसं मिळतात.